पहिलं लाकूड

शिरपूरची एस.टी. सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात येऊन वळते. त्यापुढं जायची तिची हिंमत होत नाही. तिथून वर डोंगरात तासभर चढलं की झिरेपाडा. भिलांची तीसेक कुडाची घरं, एक झरा, आणि नाईकाच्या दारात टांगलेला एक ढोल. हा ढोल हिलाल वाजवायचा. त्याच्या आधी त्याचा बाप वाजवायचा. गळ्यात अडकवून उभं राहायचं म्हणजे पाठीचा कणा शाबूत हवा, आणि हिलालचा होता.

हा ढोल म्हणजे पाड्याचं तोंड. होळीची थाप वेगळी, लग्नाची वेगळी, वाघरू शिवारात आलं तर वेगळी. आणि एक थाप मौतीची. ती ऐकली की दोन डोंगर पलीकडचा माणूससुद्धा हातातलं काम टाकायचा आणि घराच्या मागं जाऊन एक लाकूड निवडायचा. मयताला रिकाम्या हातानं जायचं नाही, घरटी एक लाकूड न्यायचं, अशी रीत. ज्याच्या मयताला माणसं जास्त, त्याची चिता उंच. जंगलात राहणाऱ्यांना लाकडाचा तोटा नव्हता, पण चितेवरचं लाकूड विकत आणायचं नसतं आणि घरच्यांनी एकट्यानं जमवायचंही नसतं. लोकांनी आणून टाकायचं असतं.

आणि त्या आसपासच्या सगळ्या पाड्यांत, मयत कुणाचंही असो, पहिलं लाकूड पडायचं ते चुडामण नाईकाचं.

चुडामण नाईक काटकुळा माणूस. एक कान अर्धा, तरुणपणी अस्वलानं नेलेला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "अर्धा कानवर भागस मनं. लोकं कामनं तं अर्धंच बोलतस." न्यायनिवाडा तो उभ्यानं करायचा. बसलं की बोलणं लांबतं, असं त्याचं म्हणणं. आणि त्याचे दंड! पैसा त्यानं कधी कुणाकडून घेतला नाही. बायकोवर हात उचलणाऱ्या एकाला त्यानं उन्हाळाभर झऱ्यावरून डोक्यावर घडा घेऊन पाणी भरायला लावलं, तेही भर दुपारी, सगळ्या बायांच्या देखत. मोहाच्या झाडावरून डोकी फोडणाऱ्या दोन भावांना सांगितलं, मोहाची फुलं संपेपर्यंत एका ताटात जेवायचं. पहिले काही दिवस ते एकमेकांकडे पाठ करून जेवले. ताट एक आणि पाठी दोन, कसं जेवले ते त्यांनाच ठाऊक. पण फुलं संपली तेव्हा दोघं हसत होते.

खालच्या गावात पन्नालाल नावाच्या मारवाड्याचं दुकान होतं. त्याची आई सुगनबाई वारली ती ऐन श्रावणात, आठवडाभर झड लागलेली असताना. गावात सुकं लाकूड मिळेना. लोक ओलं लाकूड घेऊन धुराचं काय करायचं या विचारात बसलेले, तेवढ्यात डोंगरावरून नाईक उतरला. डोक्यावर सागाचं सुकं खोड, आणि स्वतःची घोंगडी त्या खोडाला गुंडाळलेली. लाकूड कोरडं ठणठणीत आणि नाईक निथळत होता. मागोमाग पाड्यातली माणसं, प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक. पन्नालाल हिशोबी माणूस होता, पण त्या दिवसापासून नाईकाच्या चहात गूळ किती टाकला हे त्यानं कधी पाहिलं नाही.

ही झाली नाईकाची थोरवी. आता हिलालची गोष्ट, कारण दुखतं ते तिथं.

अडुसष्ट सालच्या हिवाळ्यात धुळ्याला मोठं शेतकी प्रदर्शन भरलं. बैल, बियाणी, पंप आणि संध्याकाळी लोकांच्या करमणुकीला नाचगाणी. एक साहेब जीपनं खालच्या गावापर्यंत आला, तिथून घाम पुसत वर चढला आणि म्हणाला, तुमचा ढोल द्या, वाजवणाराही द्या. पाड्यातल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. ढोलानं शीव ओलांडलेली त्यांनी पाहिली नव्हती. ढोल गेला आणि मागं कुणी गेलं तर? शेजारच्या पाड्याचा ढोल आपल्या मयताला चालत नाही. त्याचा आवाज त्यांचा, आपला आपला.

नाईकानं हिलालच्या तोंडाकडे पाहिलं. हिलाल काही बोलला नव्हता, पण पोटातलं तोंडावर आलंच होतं. बापाच्या मागं इतकी वर्षं ढोल वाजवला, पण वाजताना लोकांचे कान ढोलाकडे आणि डोळे नवरानवरीकडे. ढोलवाल्याकडे कोण बघतो? धुळ्याला म्हणे मांडवात खुर्च्या टाकून लोक फक्त त्याच्याकडे बघणार होते.

"ढोल गावना शे, मान्य," नाईक उभ्यानंच म्हणाला. "पन तो बोलस कोना हातमा? हिलालना. त्याना हातले धुळं देखू द्या." मग हिलालच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बाजारना आगोदर परत ये. मी काय चार रोजमा मरत नही."

सगळे हसले. हिलालही हसला.

ढोल एस.टी.च्या टपावर चढला. काशाची थाळी वाजवायला उखर्डू बरोबर होता. तो हिलालचा लहानपणापासूनचा जोडीदार, कमी बोलणारा. पहिल्याच संध्याकाळी हिलालनं होळीची थाप उचलली आणि मांडव हलला. शहरातली माणसं उभी राहिली. टाळ्या थांबेनात. साहेबानं त्याला मिठीच मारली. "अरे, तू तर कलावंत आहेस," असं म्हणाला. हिलालला शब्द नीट कळला नाही, पण अंगावर मूठभर मांस चढलं. एखाद्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं तर शहराकडून शिकावं, आणि हिलाल तर डोंगरातला, झाडावर चढायची त्याला सवयच.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतायचं ठरलं होतं. साहेब म्हणाला, "उद्यापर्यंत थांब. मोठे पाहुणे यायचेत. तुला फेटा बांधू, पदक देऊ." उखर्डूनं थाळी पिशवीत भरली होती, ती त्यानं पुन्हा काढली नाही.

आणि त्याच दुपारी पन्नालाल आला. शेंगांचा ट्रक घेऊन धुळ्याच्या बाजारात आला होता. धोतराचा सोगा हातात धरून प्रदर्शनाच्या गर्दीत त्यानं हिलालला शोधून काढलं.

"हिलाल, नाईकबाबा आथरूनवर शे. छातीमा कफ दाटेल शे. तुले बलायेल शे. म्हने, ढोल लई ये. मना ट्रक आते पाछा जाई ऱ्हायना, बस त्यामा."

हे ऐकून ज्यानं ढोल उचलायला हवा होता, तो हिलाल उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांपुढं फेटा आला. काय सांगावं माणसाच्या मनाचं! नाईकानं त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं, बापाच्या मागं त्याच्या घरात ज्वारी पोचवलेली. पण फेटा लाल होता आणि तो उद्याच मिळणार होता.

"नाईकले खोकला तं दर हिवायामा व्हस, शेठ," तो म्हणाला. "उद्या कार्यक्रम शे. त्यास्ले सांगा, परवादिन येस."

पन्नालालनं क्षणभर वाट पाहिली, वाटलं बदलेल. मग तो ट्रककडे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या कार्यक्रमात हिलालला भर मांडवात फेटा बांधला. टाळ्या पडल्या. त्यानं होळीची थाप वाजवली, लग्नाची वाजवली, वाघाची वाजवली तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायांनी खोटं खोटं घाबरून दाखवलं. पाहुणे म्हणाले, आणखी काही? साहेबानं विचारलं, "हिलाल, आणखी कुठली थाप आहे?"

होती की. एक उरली होती.

हिलालनं दांडी उलटी धरली. मौतीला दांडी उलटीच धरायची असते. पहिला ठोका पडला आणि उखर्डूची थाळी थांबली.

"ही थाप नको, हिलाल. कोनीबी मरेल नही."

पण हिलालच्या कानांत टाळ्या होत्या. त्यानं वाजवली. संथ, जड, मध्ये मोकळी जागा सोडून, पुन्हा ठोका. बापानं शिकवली तशी, एकही ठोका न चुकता. मांडव गप्प झाला आणि संपल्यावर सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्याच थापेला पडल्या. उखर्डूनं थाळी जमिनीवर पालथी घातली होती.

दुसऱ्या दिवशी परतताना उखर्डू एस.टी.त वेगळ्या बाकावर बसला. खालच्या गावात एस.टी. वळली तेव्हा हिलालला दिसलं, पन्नालालच्या दुकानाची फळी लावलेली. बाजाराचा दिवस, आणि मारवाड्यानं फळी लावलेली! पन्नालाल ओट्यावर बसला होता. त्यानं आधी फेट्याकडे पाहिलं, मग हिलालकडे.

"काल गयात नाईकबाबा," तो म्हणाला. "दुपार कलनी तव्हय."

हिलालचा हात आपोआप डोक्याकडे गेला. फेटा उतरवताना त्याला आठवलं, काल दुपार कलली तेव्हा तो काय वाजवत होता. तो तिथंच ढोलाला टेकून बसला. नाईकाची थाप पडली होती. वेळेवर पडली होती. फक्त ती ऐकायला खुर्च्यांवरची माणसं होती, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पन्नालालनं पुढचं सांगितलं. मयत सूर्य मावळायच्या आत उचलायचं असतं, ते थांबवता येत नाही. दोन पोरं जवळच्या पाड्यांकडे पळवली, पण डोंगरापलीकडे कोण पोचणार? आले ते जवळचेच. लाकडं थोडी पडली. ज्यानं हयातभर सगळ्यांच्या चितेवर पहिलं लाकूड ठेवलं, त्याची चिता गुडघ्याएवढीसुद्धा भरेना. शेवटी सुंदरबाईनं, नाईकाच्या बायकोनं, घराचं दार काढून दिलं. मग बाज दिली. पन्नालालनं दुकानाच्या दोन फळ्या नेल्या होत्या. तिथं नवा पुठ्ठा लावलेला हिलालला आता दिसला.

चढण चढताना ढोल हिलालच्या पाठीवर होता. नेहमी उखर्डू अर्ध्या वाटेत घ्यायचा. या वेळी त्यानं घेतला नाही आणि हिलालनंही दिला नाही.

पाड्यात कुणी त्याला बोल लावला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कुणीतरी एवढंच म्हणालं, साहेबानं अडकवून ठेवलं असेल, सरकारी माणसांचं असंच. आणि हिलालनं ते नाकारलं नाही. चोराच्या मनात चांदणं. कुणी त्याच्याकडे सहज पाहिलं तरी त्याला वाटायचं, याला धुळ्याचं कळलं.

सुंदरबाई बिनदाराच्या घरात बसली होती. तिनं ढोल पाहिला आणि म्हणाली, "वाजाड. बठ्ठा पाडास्ले कयू दे."

हिलालनं दांडी उलटी धरली. कालच धरली होती. त्यानं वाजवलं, आणि ठोके डोंगरापलीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच माणसं यायला लागली. पायवाटेनं, ओढ्यातून, कड्याच्या बाजूनं. प्रत्येकाच्या खांद्यावर एक लाकूड. कुणी धावड्याचं आणलं, कुणी सागाचं, एका म्हातारीनं तर झोपडीचा मेढाच उपटून आणला होता. येणारा विचारायचा, "कोन?" आणि नाईकाचं नाव ऐकून त्याचं तोंड उघडं राहायचं. मग विचारायचा, "आनि धूर कोठे शे?"

धूर नव्हता. राख निवली होती. लाकूड कुठं टाकायचं कुणाला कळेना, म्हणून ते नाईकाच्या अंगणात टाकत गेले. मयताला आणलेलं लाकूड परत घरी न्यायचं नसतं आणि चुलीतही घालायचं नसतं. सूर्य डोक्यावर आला तेव्हा ढीग छपराच्या वळचणीला लागला. एवढी लाकडं झिरेपाड्यानं कुणाच्या मयताला पाहिली नव्हती. आणि ती सगळी उशिरा आलेली.

हिलाल त्या ढिगासमोर उभा राहून रडला. त्याला लाज वाटली, पण रडणं थांबेना.

बाराव्या दिवशी पाडा जमला, डोंगरापलीकडचेही आले. नाईकाचा पुतण्या कौतिक म्हणाला, पुढच्या खेपेला सरकारला ढोल द्यायचा नाही, कानाला खडा. त्या साहेबानं थांबवलं म्हणून हे झालं. सगळ्यांनी माना हलवल्या. तेव्हा हिलाल उठला, ढोल खांद्यावरून उतरवून कौतिकच्या पायाशी ठेवला.

"साहेबनी नही थांबाडं," तो म्हणाला. "पन्नाशेठनी निरोप दिधा व्हता. मीच थांबनू. फेटासाठे."

कौतिक ढोलाकडे पाहत राहिला, मग त्यानं हात पुढं केला. तेवढ्यात सुंदरबाई बोलली. बसूनच बोलली, पण आवाज नाईकाचा होता.

"ढोल तठेच ऱ्हाऊ दे, कौतिक. ह्यास्ले ते माहीत व्हतं."

नवऱ्याचं नाव ती घेत नसे. सगळे तिच्याकडे वळले.

"पन्नाशेठनी इसन सांगं, हिलाल परवादिन येस म्हने. ह्यास्नी आयकं आनि हासनात. म्हनेत, पोऱ्यासाठे पहिल्यांदा कोनीतरी टाळ्या वाजाड्यात, आयकू द्या त्याले. मंग म्हनेत, पाडाले सांगू नको. सांगशी तं ढोल काढी लेतीन त्यानापाईन. मंग मौतले वाजाडी कोन? पन दंड तं पाहिजेच, म्हनेत. दंड असा. आते पहिलं लाकूड हिलालनं. कोठेबी, कोनबी मरो."

नाईकाचा हा शेवटचा निवाडा. आडवा पडून केलेला, आयुष्यात एकदाच.

सुंदरबाईनं अंगणातल्या ढिगाकडे बोट केलं. "लाकडं ह्यास्ना नावनी शेत. त्यातलंच लई जात जाय. मंग लोकं म्हनतीन, नाईकच आधी उना."

हिलालचं तोंड उघडलं. अजून एक गोष्ट सांगायची राहिली होती, आणि ती पहिल्याहून मोठी होती. समोर उखर्डू बसला होता. त्यानं खाली पाहिलं. हिलालला वाटलं, माफी मिळालेल्या माणसानं आणखी गुन्हा काढून दाखवावा तर नाईकाचा निवाडाच खोटा पडेल. की हे नुसतं निमित्त, आणि खरं म्हणजे त्याला धीर झाला नाही? पुढं कितीतरी वर्षं हे त्याला ठरवता आलं नाही. त्यानं तोंड मिटलं आणि ढोल उचलला.

त्यानंतर कुठल्याही पाड्यात मयत झालं की सगळ्यांत आधी हिलाल पोचायचा. ढोल ऐकू यायचा तो दुसऱ्यांचा, आणि डोंगर उतरताना दिसायचा हिलाल, डोक्यावर एक लाकूड. लाकडाखाली चुंबळ असायची लाल कापडाची. कुणी विचारलं तर सांगायचा, जुनं कापड शे. कुणी म्हणायचं, "हिलालनं लाकूड उनं," तर तो ओरडायचा, "मनं नही, नाईकनं." स्वतःच्या पाड्यात मयत झालं तर तो आधी लाकूड टाकायचा, मग ढोल घ्यायचा. थापेला मात्र त्याची दांडी पहिल्या ठोक्याआधी थोडी हवेत थांबायची. लोकांना वाटायचं, ही त्याची पद्धत आहे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. झरा आटला, गुरं गेली, मागोमाग म्हातारी माणसं गेली, काही लेकरंही. डोंगरात एका पाड्याचा ढोल निवला की दुसऱ्याचा सुरू व्हायचा. हिलालचे पाय थांबले नाहीत.

एका सकाळी तो लाकूड घ्यायला अंगणात आला, तेव्हा सुंदरबाई दारात बसली होती. दार नवं होतं, हिलालनंच करून दिलेलं. तिला आता कमी दिसायचं, पण ढीग तेवढाच आहे हे तिला दिसलं.

"हिलाल, इतला मौत व्हयनात. हाऊ ढीग कमी का व्हत नही रे?"

हिलाल लाकूड निवडत राहिला. एक नेलं की जंगलातून एक आणून तो त्याच्या जागी ठेवायचा, कुणी पाहत नसेल तेव्हा. ढीग वळचणीखाली उतरू नये एवढीच त्याची काळजी.

"दंड तं कव्हयच फिटी गया तुना," सुंदरबाई म्हणाली.

"नाईकनी दिधेल दंड तं फिटी गया, अक्का," हिलाल म्हणाला.

म्हातारी पुढचं ऐकायला थांबली. हिलालनं लाल चुंबळ डोक्यावर बसवली, लाकूड तोललं आणि तो चढणीला लागला.